उतरणारे विमान आणि ‘वैमानिकाची चूक’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे हवाई दलाच्या सेवेतून निवृत्त झाली. त्यानिमित्ताने जे लिहिले गेले त्यात ‘उडती शवपेटी’ हा शब्द इतका सैलपणे वापरला गेला आणि उतरताना कोसळलेल्या विमानांचा हिशेब ‘वैमानिकाची चूक’ या दोन शब्दांत इतक्या झटपट मिटवला गेला, की ओझरच्या कारखान्यात याच विमानांच्या पंखांवर उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या निवृत्त कामगाराला राहवले नाही.

मिग-२१चा पंख त्रिकोणी आणि पातळ. त्याच्या पुढच्या कडेवरून पहिल्यांदा हात फिरवणाऱ्या नव्या पोराला हटकून प्रश्न पडायचा, की एवढ्याशा पात्यावर सात-आठ टनांचे धूड तरते कसे? ते तरते वेगावर. वेग घटला की उचल टिकवण्यासाठी नाक वर धरावे लागते, नाक वर गेले की हवेचा अवरोध झपाट्याने वाढतो आणि वेग आणखी घटतो. यातून सुटायचे तर इंजिनाचा जोर वाढवायला हवा. पण त्या पिढीच्या जेट इंजिनाला पुरता जोर धरायला काही सेकंद लागत, आणि धावपट्टीच्या तोंडाशी आलेल्या वैमानिकाजवळ नेमके तेवढेच नसतात.

हे केवळ रशियन विमानाचे दुखणे नव्हते. १० जानेवारी १९५६ रोजी अमेरिकेच्या एफ-१०० सुपर सेबर विमानाच्या पुढच्या चाकाच्या जोडणीत बिघाड झाला, म्हणून लेफ्टनंट बार्टी ब्रुक्स लांब धावपट्टी असलेल्या एडवर्ड्स तळाकडे वळले. तेथे दुसऱ्याच एका चाचणीसाठी कॅमेरे मांडलेले असल्यामुळे पुढचे सारे चित्रित झाले. नाक आभाळाकडे, आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून इंजिनाचा जोर वाढवणारी यंत्रणा) पेटलेला, विमान शेपटीवर उभे राहिल्यासारखे डोलत जाते, कलंडते आणि आदळते. मागे झुकलेल्या पंखाची टोके आधी उचल गमावतात आणि नाक खाली येण्याऐवजी आणखी वर चढते. वैमानिकांच्या बोलीत याला ‘सेबर डान्स’ नाव पडले. नाच हा शब्द मला तरी रुचत नाही. नाक प्रमाणाबाहेर उचलले गेले हे खरे, पण त्यानंतर विमानाने जे केले तो त्याच्या पंखांचा स्वभाव होता.

आपल्याकडे हा स्वभाव शिकवायचा कोणत्या विमानावर, हा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. हवाई दलाच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फॉन्टेन समितीने १९८२ मध्ये प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची शिफारस केली, ‘हॉक’ या ब्रिटिश प्रशिक्षण विमानाचा करार २००४ मध्ये झाला आणि विमाने २००८ मध्ये सेवेत दाखल झाली. मधल्या पाव शतकात किरण, इस्क्रा यांसारख्या सौम्य विमानांवर हात बसलेली विशी-पंचविशीतली मुले ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीकडे येणाऱ्या मिगमध्ये बसत होती. दोन आसनी मिग होते, पण तेही मिगच. सुट्या भागांचा आणि देखभालीचा प्रश्न वेगळा आहे आणि तोही विचारलाच पाहिजे. मात्र फाइल कुठे अडली हे न विचारता मृताकडे बोट दाखवणे फार सोपे असते, कारण तो उत्तर द्यायला येत नाही.

४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यातील शिरसगावच्या शिवारात सुखोई-३० कोसळले तेव्हा दोन्ही वैमानिक सुदैवाने बचावले. तो लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस होता, त्यामुळे गल्लीबोळांतल्या चर्चेत विमान मागेच पडले. अशा प्रत्येक अपघातानंतर हवाई दल चौकशी नेमते. आपल्या वार्ताहराने सहा महिन्यांनी, वर्षाने तिचा पाठपुरावा करावा, आणि निष्कर्ष हाती येईपर्यंत वैमानिकाच्या नावापुढे ‘चूक’ हा शब्द छापू नये, एवढी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त कामगार,
ओझर, जि. नाशिक