भाचीबाई, दोन्ही पीसी वाचवलेस, थँक्यू!

चि. भाचीबाईस मामाचे अनेक आशीर्वाद. भाऊबीजेची ओवाळणी तुझ्या आईला मिळाली आणि राबलीस मात्र तू, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय कारण पोरांचे जुने गेमिंग पीसी घेऊन माझ्यासारखे बरेच आईबाप सध्या अडकलेत.

दुकानदाराने तर निकालच लावला होता, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० संपलं, विंडोज ११ यांच्यावर चढत नाही, दोन्ही भंगारात काढा आणि नवीन घ्या. तू आल्या आल्या सांगितलंस की संपलं म्हणजे मशीन बंद पडत नाही रे मामा, नेहमीचे फुकटचे सिक्युरिटी अपडेट थांबतात एवढंच, आणि तेवढ्यानेच माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

पण मला खरी आवडली ती पुढची गोष्ट. मशीन उघडायच्या आधी तू दोघा पोरांना समोर बसवलंस आणि कोण काय खेळतं ते विचारलंस. मला वाटलं पोरांशी टाइमपास चाललाय. पण नंतर कळलं की सगळा निर्णय त्या यादीवरच होता, पोराला व्हॅलोरंट हा गेम पाहिजे आणि तो लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या फुकटच्या सिस्टिमवर, चालतच नाही, त्यांचं अँटी-चीट (खेळात लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोजशिवाय उभंच राहत नाही, विषय संपला. पोरीला माइनक्राफ्ट या गेमचं जावा एडिशन, ते लिनक्सवर मस्त चालतं. मी आपला इतके दिवस रॅम किती, हार्ड डिस्क किती हेच मोजत बसलेलो.

मग सुरू झालं महाभारत. पोराच्या मशीनमध्ये इंटेलचा आय-फाइव्ह प्रोसेसर, पोरीच्या मशीनमध्ये आय-थ्री, आणि तू म्हणालीस अदलाबदल करा! पोराचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याला तू शांतपणे समजावलंस की तुझा आय-फाइव्ह चौथ्या पिढीचा आहे आणि तिचा आय-थ्री ८१०० आठव्या पिढीचा, कोर दोघांत चार-चारच, उलट तिचा जास्त पळतो, आणि विंडोज ११ इंटेलमध्ये अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनच चालतं. वर त्याचं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड पण तिकडे हलवलंस, त्याला वेगळी पॉवरची वायर लागत नाही म्हणून जुना एसएमपीएसच (वीज पुरवणारा डबा) चालला. कार्ड सोबत येतंय म्हटल्यावर साहेब लगेच तयार.

त्या आय-थ्रीत टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, नाही असं दुकानदार छातीठोकपणे सांगत होता. होतं की! बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) पीटीटी नावाने बंद करून ठेवलेलं. ते चालू केलंस, बॅकअप घेऊन डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या पद्धतीची केलीस, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू केलंस आणि ११ गपचूप चढलं.

चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हवर पण रूफस नावाच्या सॉफ्टवेअरने जबरदस्ती ११ टाकू असं पोरगा यूट्यूब बघून म्हणत होता. तू विचारलंस, दरवर्षीचं मोठं अपडेट आपोआप आलं नाही तर हाताने कोण करणार, मामा? मी चकली खाण्यात बिझी असल्याचं दाखवलं. आणि विंडोज ११ वर टीपीएम नसलं की व्हॅलोरंट तसंही उघडत नाही, म्हणजे एवढा उपद्व्याप करून हातात काहीच नाही.

त्या आय-फाइव्हला एसएसडी (वेगवान डिस्क) लावलास, खर्च झाला तो तेवढाच, आणि लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार टाकलंस. टाकायच्या आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पोरीला एक संध्याकाळ खेळू दिलंस हे फार बरं केलंस, तिला कळलंच नाही की हे काही वेगळं आहे, तिने पहिलं काम केलं ते वॉलपेपर बदलायचं. ग्राफिक्स कार्ड गेल्यामुळे माइनक्राफ्टची सेटिंग खाली ठेवावी लागते पण तिची काही तक्रार नाही. तिचा रोब्लॉक्स गेम मात्र मामीच्या मोबाइलवर, कारण ती कंपनी लिनक्सला सपोर्ट देत नाही. आणि तो वेळ मोजणारा टाइमकेपीआर, त्याबद्दल पोरगी तुझ्यावर थोडी नाराज आहे, मी अजिबात नाही. २०२९ पर्यंत मिंटचे अपडेट येणार म्हणालीस, तोवर ती दहावीला असेल!

काही लोक लिनक्स म्हटलं की कीर्तनच सुरू करतात आणि काही लोक विंडोज सोडून दुसरं नावच घेत नाहीत. तू दोन्ही केलं नाहीस, ज्याला जे लागतं ते दिलंस आणि फराळाला बसलीस.

मामीच्या टॅलीच्या (हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या) विंडोज १० लॅपटॉपला तू सांगितलंस तसं मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून, बॅकअप सिंक चालू करून वर्षभराचे जादा अपडेट फुकटात घेतलेत. ती मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते आणि पुढची दिवाळी नोव्हेंबरात आहे, त्यामुळे पुढच्या वेळी जरा आधीच ये. चकल्या लवकर करायचं मामीने कबूल केलंय.

तुझा,
मामा