१ ऑगस्टआधीची सभा आणि तांडेलकाकांचा निरोप समारंभ

सर्व नाखवा (होडीमालक), तांडेल (होडीचे कप्तान), खलाशी आणि घरच्या बायांना कळवण्यात येते की ३१ जुलैला मासेमारीवरची पावसाळी बंदी संपते. त्याआधी येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर सभा आहे.

यंदा आपले थोरले तांडेलकाका होडीवर जाणार नाहीत. सोळाव्या वर्षी ते खलाशी म्हणून चढले, आता गुडघे साथ देत नाहीत. त्यांच्या उजव्या तर्जनीवर दोरीने पडलेला खोल वण आहे, तो आपण सगळ्यांनी लहानपणी हात लावून पाहिलाय. काकू पहाटे बर्फ फोडून पाटी भरायच्या, बाजार करून यायच्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक फेरीचा हिशोब लिहायच्या. त्या हिशोबावरच दोन पोरांचं शिक्षण झालं. म्हणून सभेतला सत्कार दोघांचा आहे, एकट्या काकांचा नव्हे. प्रत्येक घरातून एक तरी माणूस आलाच पाहिजे.

सभेला येताना आणायचे:
- होडीची नोंदणी, मासेमारी परवाना, विम्याचे कागद
- प्रत्येक खलाशाचे ओळखपत्र

लाइफ जॅकेट माणशी एक हवेच. नसेल तर होडी सोडू नये, हे कळकळीने सांगतो. अडचणीत तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक सगळ्यांनी पाठ करावा, घरच्यांनीसुद्धा.

पापलेट २०२३ पासून राज्यमासा आहे. बारकी पिल्लं जाळ्यात येऊ देऊ नका, जाळ्याचा आस (जाळ्याच्या भोकांचा आकार) आताच तपासा.

वर्गणी माणशी १०० रुपये, शनिवारपर्यंत खजिनदारांकडे.

– सचिव