ड्रमचे झाकण पाहता, मग आतले कोण पाहणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की डेंग्यूच्या बातम्या सुरू होतात आणि त्यांत ड्रम हटकून असतो. पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसे वस्तीत गेली, ड्रममध्ये अळ्या सापडल्या, पाणी ओतून दिले, नोटिसा बजावल्या. बातमी खरीच असते. पण माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. त्यामुळे दारातला निळा ड्रम दिसला की अळ्यांच्या आधी मला दुसराच प्रश्न पडतो : यात पूर्वी काय होते?

मुंबईत ड्रम म्हटले की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळी वस्तू येईल. रिक्षावाल्याला ब्रेकचा ड्रम, बँजो पार्टीतल्या पोराला वाजवायचा, रस्त्याच्या मुकादमाला डांबराचा. आमच्या भांडुपच्या डोंगरावर मात्र ड्रम म्हणजे पाणी. सात तलावांतून शहराला रोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी येते असे आपण वाचतो, पण चढावरच्या गल्लीत ते ठरलेल्या तासाला येते आणि तेवढ्यात भरून घ्यावे लागते. शहरासाठी दरडोई १३५ लिटरचे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने पाच माणसांच्या घराला रोज ६७५ लिटर लागते, म्हणजे दोनशे लिटरचे तीन ड्रम भरून चौथ्यात हात घालायचा. इतके पाणी कोणाला मिळत नाही हे सोडा. मिळाले तरी ठेवणार कुठे? चार भरलेले ड्रम म्हणजे आठशे किलो. जुन्या चाळीच्या गॅलरीत ते ओळीने उभे दिसतात तेव्हा खालून जाताना मी कडेने जातो.

हे ड्रम येतात कुठून? नवीन ड्रम महाग, म्हणून वस्तीत बहुतेक जुनेच असतात. कारखान्यात माल संपला की ड्रम ‘एम्टी’ होतो. एम्टी भंगारवाल्याकडे जातो. धारावीच्या तेरा कंपाउंडात किंवा कुर्ला-साकीनाक्याच्या गल्ल्यांत तो धुतला जातो, वरचे तोंड करवतीने कापले जाते, लेबल खरवडले जाते आणि हातगाडीवरून तो आपल्या दारात येतो. मग त्यात पाणी भरा, तांदूळ भरा नाहीतर कचरा टाका. धारावीतल्या मुलांच्या ‘धारावी रॉक्स’ बँडने तर टाकाऊ ड्रम आणि डबे वाजवून नाव कमावले. तिकडे त्रिनिदादमध्ये तेलाच्या लोखंडी ड्रमांपासून स्टीलपॅन हे वाद्य घडले आणि संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा त्याचा जागतिक दिवसही ठरवला. वाजवायला माझी काहीच हरकत नाही. प्रश्न पिण्याच्या पाण्याचा आहे.

निळा रंग म्हणजे पाण्याचा ड्रम, हा समज साफ चुकीचा आहे. निळ्या ड्रममधून आम्ल येते, रंगाचे रसायन येते, कीटकनाशकाचा कच्चा माल येतो आणि मिठाईवाल्याचा लिक्विड ग्लुकोजही येतो. ओळख पटवायची असेल तर रंग सोडून अंगावरचे ठसे पाहावेत. प्लॅस्टिकमध्येच उठवलेली अक्षरे असतात. ‘यूएन’च्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या, खुणेपुढे ‘१एच१’ असेल तर तो बंद तोंडाचा, वर दोन बूच असलेला प्लॅस्टिक ड्रम. ‘१एच२’ असेल तर अख्खे झाकण निघणारा. पहिला आकडा ड्रमचा, एच म्हणजे प्लॅस्टिक. ही खूण घातक मालाच्या वाहतुकीसाठी तपासलेल्या ड्रमवर असते. ती दिसली म्हणजे आत विषच होते असे नव्हे, पण विचारपूस करायलाच हवी. आणि कापलेल्या तोंडाचा ‘१एच१’ म्हणजे हमखास कुठल्या तरी द्रव मालाचा ड्रम.

धुतला की झाले, असे विकणारा सांगतो. या ड्रमचे प्लॅस्टिक, म्हणजे एचडीपीई, कितीतरी सेंद्रिय रसायने भिंतीत शोषून घेते आणि मग ती हळूहळू बाहेर सोडत राहते. लोणच्याच्या प्लॅस्टिक डब्याचा वास तीनदा घासूनही जात नाही, तसेच हे. वास घेऊन पाहणे हाही उपाय नव्हे. पुष्कळ रसायनांना वास नसतो आणि ज्यांना असतो ती हुंगू नयेत.

कायदा नाही असे नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत रसायनांनी दूषित झालेले रिकामे बॅरल आणि डबे घातक कचऱ्यातच मोडतात; ते अधिकृत परवाना असलेल्याकडेच गेले पाहिजेत. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये आम्ही तशा नोंदी करत होतो. गेटबाहेर ड्रमचे पुढे काय होते, हे पाहायला मात्र कोणी येत नाही.

डासांचेही दोन शब्द. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ड्रमच्या भिंतीला चिकटवतो. पाणी संपले तरी ती अंडी महिनोन् महिने सुकी राहून जगतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. म्हणून नुसते ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा भिंत काथ्याने घासावी लागते. पण नळ कधी येईल याचा भरवसा नसलेली बाई अर्धा ड्रम ओतून टाकेल का? ती त्यावरच भर घालणार. शिवाय कापलेल्या ड्रमला नीट बसणारे झाकण नसतेच; फळी नाहीतर पत्रा ठेवतात. उलटा करून ठेवला तर बुडाच्या खोलगट भागात पाऊस साठतो आणि तेवढे पाणीही डासाला पुरते.

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्येच सांगितले आहे की झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाचा पाण्याचा हक्क नाकारता येत नाही. २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरणही आणले. नळ भरवशाचा झाला की निम्मे ड्रम आपोआप दारातून जातील. तोवर निदान इतके करावे. वॉर्ड कार्यालयांनी घट्ट झाकणाचे, खाली तोटी असलेले नवे ड्रम सवलतीत द्यावेत. अळ्या शोधायला माणसे दारोदार जातातच, त्यांनीच जुन्या ड्रमची खूण पाहून नोंद घ्यावी. आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने ड्रम धुणाऱ्यांना पिटाळून न लावता परवान्याखाली आणावे. धंदा बंद पाडला तर तो आणखी आतल्या गल्लीत जाईल आणि पोट मात्र धुणाऱ्या पोरांचे मारले जाईल. आधीच ती हातमोजे न घालता ड्रममध्ये खांद्यापर्यंत हात घालतात.

ज्यांना आज ड्रम घ्यायचाच आहे त्यांनी लेबल शाबूत असलेला मागावा. कवटी, किंवा हातावर आणि धातूवर द्रव पडतानाचे चित्र, किंवा मेलेला मासा आणि सुकलेले झाड दिसले तर तो कचऱ्यालासुद्धा घेऊ नये. लेबल खरवडलेला असेल तर स्वस्त मिळाला तरी तिथेच सोडावा. ग्लुकोजचे किंवा खाद्य मालाचे ड्रम मिठाईच्या कारखान्यांकडून मिळतात, थोडे जास्त पैसे पडतात.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर
भांडुप (पश्चिम), मुंबई