कोबीवर खापर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला थायरॉईड आणि गरोदरपणावरचा, कोबीवर खापर फोडणारा लेख वाचला. माझ्या विहीणबाईंनीही वाचला. सोमवारी सकाळी सातलाच फोन, “माहेरी आली की तुम्ही तिला कोबी घालत होता का हो?”

माझ्या मुलीला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. टीएसएच (रक्तात हे वाढलं की थायरॉईड ग्रंथी कमी पडतेय असं समजायचं) नॉर्मल होतं, थायरॉईडविरुद्धच्या टीपीओ अँटीबॉडी मात्र भरपूर. शरीरच आपल्या ग्रंथीवर उठतं, त्याला पोरगी काय करणार? शिजवलेल्या कोबीच्या भाजीनं अँटीबॉडी तयार होत नाहीत. आणि आयोडीनसाठी मासे खा, हा सल्ला गोव्यात? सोमवार-गुरुवार सोडला तर आमच्याकडे माशांच्या हुमणाशिवाय (आमटीशिवाय) जेवण नाही! ‘ताणतणाव टाळा’ हेही वाचलं. दोनदा गर्भ गेलेल्या बाईनं ताण कसा टाळायचा, त्याची कृती पुढच्या रविवारी नारळाच्या वड्यांशेजारी छापावी.

‘अँटीबॉडी दिसल्या की थायरॉईड हार्मोनची गोळी सुरू करा’ असंही लेखक ठणकावून सांगतात. ब्रिटनमध्ये नेमकं हेच तपासलं होतं, 2019 मध्ये निकाल आले. थायरॉईड नॉर्मल पण अँटीबॉडी असलेल्या, आधी गर्भपात झालेल्या किंवा दिवस न राहणाऱ्या बायकांना रोज 50 मायक्रोग्रॅमची गोळी दिली. मूल हाती लागलं ते गोळीवाल्या आणि बिनगोळीवाल्या, दोन्हीकडे शंभरात 37-38 जणींनाच. हे मला मुलीच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की अशा बाईला दिवस राहिले की निम्मे महिने होईपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच बघा, कारण वाढलेलं काम त्या ग्रंथीला झेपेलच असं नाही. या खेपेला सातव्या आठवड्यात ते साडेसहावर गेलं, आणि मग गोळी खरोखरच लागली.

पण खरं महाभारत पुढेच. दवाखान्यातून लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि थायरॉईडच्या गोळ्या एकाच पिशवीत आल्या, तिन्हींवर ‘सकाळी 1’. पोरगी महिनाभर तिन्ही एकदम तोंडात टाकून वर चहा पीत होती. टीएसएच खाली येईना! शेवटी फार्मसीतल्या पोरानं विचारलं, “बाय, हीं सगळीं एकदमच घेता?” थायरॉईडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, आणि लोह-कॅल्शियम चार तासांनी, नाहीतर ती नीट लागू पडत नाही. अर्धं पान लेखात ही एक ओळ नाही. कोबीला मात्र स्वतंत्र चौकट, वर फोटो.

सहावा लागलाय, रिपोर्ट ठीक आहेत. विहीणबाईंना काय सांगायचं, ते तुम्हीच छापा.

ता. क. : आमच्याकडे पेपर टाकणारा पावसात प्लास्टिक घालत नाही, तीनदा कळवलं. रविवारी पहिलं पान लगदा झालं होतं, तो लेख तेवढा नेमका कोरडा राहिला.

– एक वाचक, फोंडा