घाटे अळीच्या दुर्लक्षित भावकीविषयी

महोदय,

हरभरा घाट्यावर आला की आपल्या कृषिपानावर घाटे अळीची माहिती येते. कामगंध सापळे कधी लावावेत, फवारणी केव्हा घ्यावी, हे सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला त्यातून कळते आणि ते कळायलाच हवे. मात्र घाटे अळी म्हणजे एका पतंगाचीच अळी; तिची मोठी भावकी उत्तर अमेरिकेत आहे आणि तिच्याविषयी मराठीत काही वाचल्याचे मला आठवत नाही, म्हणून हे पत्र.

पतंगांच्या नॉक्टुइडी कुळाच्या ज्या उपकुळात घाटे अळी मोडते, त्यातच स्किनिया ही पतंगांची प्रजाती (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) येते. तिच्या शंभराहून अधिक जाती उत्तर अमेरिकेत आहेत. घाटे अळी हरभरा, तूर, कापूस, टोमॅटो, करडईची बोंडे असे समोर येईल ते खाते. स्किनियाच्या बहुतेक जाती मात्र एखाद-दुसऱ्याच वनस्पतीवर जगतात. ती वनस्पती फुलोऱ्यात असते तेव्हाच पतंग उडतात, मादी कळ्याफुलांत अंडी घालते, अळी फुले आणि कोवळे बी खाऊन मातीत शिरते आणि पुढच्या फुलोऱ्यापर्यंत तिचा कोष जमिनीतच पडून राहतो. पिकांना यांचा फारसा उपद्रव नाही, त्यामुळे अभ्यासाकडेही दुर्लक्षच झाले. काही जातींची अळी कशावर वाढते, याची नोंदसुद्धा अजून झालेली नाही.

सणासुदीला आपल्या फूलबाजारात ज्याचे ढीग लागतात तो गलांडा, म्हणजेच गॅलार्डिया, मूळचा अमेरिकेचा. कोलोरॅडोच्या डोंगरउतारांवर त्याच्या एका रानटी जातीवर स्किनिया मेसोनी हा पतंग राहतो. डोके आणि छाती पिवळी, पंख गर्द तांबडे; फुलाचेही रंग तेच, त्यामुळे दिवसा फुलावर बसलेला पतंग अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

कॅनडाचे कीटकशास्त्रज्ञ डेव्हिड हार्डविक यांनी या पतंगांचा दीर्घकाळ अभ्यास करून १९९६ मध्ये उत्तर अमेरिकेतील या उपकुळावर ग्रंथ लिहिला. आपल्या घाटे अळीला हेलिओथिस या प्रजातीतून काढून हेलिकोवर्पा या वेगळ्या प्रजातीत ठेवले तेही त्यांनीच, १९६५ मध्ये. निरुपद्रवी पतंग बारकाईने पाहणाऱ्या माणसाकडूनच उपद्रवी अळीची ओळख पक्की झाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे प्रकाश सापळ्यात पडलेला प्रत्येक पतंग सरसकट कीड समजला जातो, हे योग्य नाही. करडई ही गलांड्याच्याच कुळातली. तिच्या बांधावरच्या रानफुलांवर आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर रात्री कोणते पतंग येतात, हे शहरातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी पावसाळ्यात पांढरा पडदा आणि दिवा लावून नोंदवावे. आपणही कृषिपानावर महिन्यातून एकदा अशा एका पतंगाचे छायाचित्र, त्याच्या अळीच्या खाद्यवनस्पतीसह, छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर