युद्धबंदीची रेघ नेमकी कुठून जाते ते पण छापा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

गाझाच्या बातम्या मी रोज वाचतो आणि त्याबद्दलच एक विनंती करायची आहे. 13 ऑक्टोबर 2025 ला इजिप्तमधे शर्म अल-शेखला पुढाऱ्यांची बैठक झाली तेव्हा सगळ्याच पेपरात पहिल्या पानावर मोठे फोटो आले, ओलीस सुटून घरी आले त्याचे आले, ते यायलाच हवेत, दोन वर्षं ती माणसं कुठल्या हालात असतील देव जाणे, त्यांच्या घरच्यांचे चेहरे बघून मला पण भरून आलं. पण इस्रायल आणि हमासच्या त्या युद्धबंदीच्या करारात एक पिवळी रेघ आहे, इस्रायली सैन्याने तिच्या मागे जायचं आणि पुढचं पुढच्या टप्प्यात बघायचं असं ठरलं, गाझाचा अर्ध्याहून जास्त भाग ह्या रेघेमुळे सैन्याकडेच राहिला, आणि ती रेघ कुठून जाते हे आपल्याकडे कोणी धड छापलंच नाही. तिथल्या लोकांना तरी कुठे कळत होतं. पिवळे सिमेंटचे ठोकळे ठेवायचं काम नंतर सुरू झालं, आणि त्याच्या आधीच 17 ऑक्टोबरला झैतून भागात आपलं घर बघायला निघालेल्या एका कुटुंबाची गाडी उडवली गेली, 11 जणं गेली, त्यात लहान लहान मुलं, असं गाझाच्या नागरी संरक्षण दलाने सांगितलं. इस्रायली सैन्य म्हणालं की गाडीने रेघ ओलांडली. युद्धबंदी लागू होऊन आठवडा झाला होता फक्त.

माझी नोकरी महसूल खात्यात गेली, आधी पटवारी मग आर. आय. म्हणजे महसूल निरीक्षक, सांवेर देपालपूरकडची गावं. सीमांकन केलेल्या माणसाला विचारा, 1:4000 च्या नक्शावर पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड झाली तर शेतात दोन मीटर जमीन जाते आणि तेवढ्यासाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात. आता जेरुसलेमचं ऐका, इस्रायल आणि अरब देशांच्या 1948 च्या युद्धातलं. 30 नोव्हेंबर 1948 ला तिथले इस्रायली कमांडर मोशे दायान आणि जॉर्डनच्या फौजेचे अब्दुल्ला अल-तेल एका ओसाड घरात भेटले, 1:20,000 चा नकाशा पसरला आणि एकाने हिरव्या आणि दुसऱ्याने लाल मेणाच्या पेन्सिलीने आपापली रेघ ओढली. ती रेघ तीन चार मिलिमीटर जाड, म्हणजे जमिनीवर साठ ते ऐंशी मीटर! घरं, गल्ल्या त्या रंगाच्या खाली आल्या, ही कुणाची ती कुणाची ह्यावर पुढे वर्षानुवर्षं भांडणं. त्यांना वाटलं होतं तात्पुरतं आहे, पुढच्या वर्षीच्या करारात तीच रेघ कायम झाली आणि शहर 1967 पर्यंत तसंच दुभंगलेलं राहिलं.

त्या 1948 सालात युद्धबंदीसाठी झटणाऱ्यांचे काय हाल झाले हे पण आपल्या तरुण वाचकांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. 23 एप्रिल 1948 ला संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने जेरुसलेममधल्या बेल्जियम, फ्रान्स आणि अमेरिकेच्या कॉन्सलांची एक समिती नेमली, त्यातल्या अमेरिकन कॉन्सलला, टॉमस वॉसनला, महिन्याभरात फ्रेंच कॉन्सुलेटमधून परत येताना रस्त्यावर गोळी लागली आणि तो गेला. मग मध्यस्थ म्हणून स्वीडनचे काउंट बर्नाडोट आले, त्यांनी 11 जूनपासून चार आठवड्यांची युद्धबंदी घडवून आणली, पण देखरेखीला माणसं किती, तर त्या तीन देशांनी सुरवातीला प्रत्येकी 21 अधिकारी दिले, आणि तेवढ्यांनी सगळ्या आघाड्यांवर, बंदरांवर, रस्त्यांवर नजर ठेवायची! शस्त्रं आणायची नाहीत असं ठरलेलं असून ती येतच राहिली आणि जुलैत परत लढाई पेटली. दुसरी युद्धबंदी 18 जुलैला झाली. 17 सप्टेंबरला बर्नाडोट ह्यांना जेरुसलेममधेच लेही ह्या ज्यू अतिरेकी गटाने गोळ्या घातल्या, शेजारी बसलेले फ्रेंच कर्नल सेरो पण गेले. आदल्याच दिवशी त्यांनी आपला अहवाल पाठवला होता.

त्यांचं काम राष्ट्रसंघाचे अमेरिकन अधिकारी राल्फ बंच ह्यांनी उचललं, ऱ्होड्स बेटावर एका हॉटेलात इजिप्त आणि इस्रायलच्या लोकांना बसवून सहा आठवडे एकेक कलम, एकेक गाव, एकेक रस्ता असं करत 24 फेब्रुवारी 1949 ला युद्धबंदीच्या करारावर सह्या घेतल्या, मग लेबनॉन, जॉर्डन, जुलैत सीरिया. 1950 चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. माझ्या मते ते मिळालं ह्या चिकाटीसाठी, भाषणांसाठी नाही.

आणि नीट ठरवलेली छोटी गोष्ट किती टिकते बघा. जेरुसलेमच्या माउंट स्कोपस टेकडीवर हिब्रू विद्यापीठ आणि हडासा हॉस्पिटल, सगळीकडून जॉर्डनच्या ताब्यातला भाग. 7 जुलै 1948 ला करार झाला आणि त्यामुळे तिथे दर पंधरा दिवसांनी राष्ट्रसंघाच्या देखरेखीत इस्रायली पोलिसांचा आणि सामानाचा ताफा जायचा. तो ताफा 1967 पर्यंत जात होता. भांडणं झाली, 1958 ला राष्ट्रसंघाचे कॅनडाचे लेफ्टनंट कर्नल फ्लिंट तिथे मारले गेले, तरी पुढे ताफा चालू राहिला, कारण कोण जाणार, कधी जाणार, कोण तपासणार हे सगळं ठरलेलं होतं.

म्हणून आता जे चाललंय त्याची काळजी वाटते. 17 नोव्हेंबर 2025 ला सुरक्षा परिषदेने गाझासाठी आंतरराष्ट्रीय दल मंजूर केलं, रशिया आणि चीन तटस्थ राहिले, बातमी चार ओळीत संपली. त्या दलात कोणते देश, ते रेघेवर उभे राहणार की मागे, गोळी चालली तर कुणाला जाब विचारणार, हे कुठे आहे? त्याच सुरक्षा परिषदेने दक्षिण लेबनॉनमधलं राष्ट्रसंघाचं दल 2026 च्या शेवटी आवरतं घ्यायचं 2025 च्या ऑगस्टमधे ठरवलं, तिथे आपली भारतीय तुकडी आहे हो, आणि इन्फंट्रीचे अधिकारी तर आपल्या महूलाच शिकून जातात, इंदूरच्या पेपरात ह्याच्यावर अर्धं पान यायला हरकत काय? परत आलेल्या एखाद्या अधिकाऱ्याला विचारा की दोन फौजांच्या मधे उभं राहायचं म्हणजे रोज काय करावं लागतं.

मोबाईलवर तर लोक ह्यांच्या बाजूचे नाहीतर त्यांच्या बाजूचे. रामबागेत सकाळी फिरायला जातो तिथे पण तेच. मला दोन्हीकडच्या मेलेल्यांचं दुःख आहे, 7 ऑक्टोबर 2023 ला इस्रायलमधे मारल्या गेलेल्या बाराशे माणसांचं आणि त्यानंतर गाझात गेलेल्या हजारोंचं, आणि म्हणूनच ही युद्धबंदी टिकावी असं वाटतं. तर विनंती अशी की दर रविवारी एक छोटा नकाशा छापा, त्यात पिवळी रेघ, ती मागच्या आठवड्यात सरकली का, कुठली नाकी उघडली, मदतीचे किती ट्रक आत गेले, त्या आठवड्यात रेघेजवळ कोण मेलं. नकाशाचं स्केल खाली लिहायला विसरू नका. वाचायला आणि चुका दाखवायला आमच्यासारखे रिटायर्ड लोक भरपूर आहेत.

आपला,
एक निवृत्त आर. आय.,
लोकमान्य नगर, इंदूर