फ्यूज मोठा न करणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. समोर आभार मानले तेव्हा "चला, चहा घ्या" म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून चार लोकांसमोर हे पत्र.

आमच्या पेठेतली मंडळी ज्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या, अॅम्प्लिफायरवर जुन्या रेकॉर्डी ऐकतात, तो एकसारखा फ्यूज उडवत होता. नवा फ्यूज घातला की थोडा वेळ बरं चालायचं, व्हॉल्व्ह तापून आवाज भरायला लागला की बंद. आधी जिथे दाखवला तिथे सल्ला मिळाला की १ अँपिअरच्या जागी ५ अँपिअरचा टाका, नाहीतर तार बांधा. हे सांगितल्यावर तुम्ही किती चिडलात! "फ्यूजनं बोंब मारली म्हणून त्याचं त्वांड बांधायचं व्हय?" त्या एका वाक्यासाठीच मी तुमची ऋणी आहे. तार बांधली असती तर ट्रान्सफॉर्मर जळाला असता, आणि तसा ट्रान्सफॉर्मर आता आणायचा कुठून?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटारी वाइंड करणारा माणूस व्हॉल्व्हचं काम करेल का, अशी शंका आमच्यातल्या काहींना होती. तुम्ही मशीन उघडायच्या आधी उडालेले फ्यूज मागितलेत आणि उजेडात धरून पाहिलेत. काच स्वच्छ, तार मधोमध वितळून तुटलेली. थेट शॉर्ट असता तर काच काळी पडली असती, म्हणालात. मग विचारलंत, "कवा उडतोय? बटण दाबल्या दाबल्या, का तापल्यावर?" तापल्यावर, म्हटल्यावर ट्रान्सफॉर्मरवरचा संशय तिथेच बराचसा उतरला.

प्लग काढलेला असला तरी फिल्टरच्या, म्हणजे वीज साठवून सपाट करणाऱ्या, कंडेन्सरात ३०० व्होल्ट दबा धरून असू शकतात, हे मला तुमच्याकडून कळलं. रेझिस्टर लावून ते उतरवलेत, मीटरने खात्री केलीत, मगच मला जवळ येऊ दिलंत.

नंतर तुमचा तो सिरीज दिवा, सेटच्या वाटेतच जोडलेला ६० वॉटचा साधा बल्ब. सेट जितका करंट ओढेल तितका तो उजळतो. सगळे व्हॉल्व्ह काढून चालू केलंत, बल्ब जेमतेम लाल झाला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठीक. एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह, रेक्टिफायर, बसवला. बल्ब किंचित उजळला आणि परत मंदावला, म्हणजे फिल्टर ठीक. आउटपुटचे, म्हणजे स्पीकर चालवणारे, दोन ईएल ८४ व्हॉल्व्ह बसवले आणि बल्ब उजळतच गेला. दुसऱ्या कुणी तिथेच व्हॉल्व्ह खराब ठरवून नवी जोडी आणायला लावली असती. आम्ही पैसेही जमवले होते! तुम्ही दोन्ही परत काढलेत, माझ्या हातात मीटर दिलात आणि दुसरा हात मागे ठेवायला सांगितलात. काळी पिन चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, लाल पिन सॉकेटच्या दोन नंबरला, म्हणजे ग्रिडला, व्हॉल्व्हचा करंट आवरणाऱ्या जाळीला. तिथे शून्य हवं. एका सॉकेटवर शून्य होतं. दुसऱ्यावर वीसच्या वर व्होल्ट! व्हॉल्व्ह तर जागेवरच नव्हता, मग व्होल्ट आले कुठून?

आले ते कपलिंग कंडेन्सरातून. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा (करंट जिथे पोचतो त्या पत्र्यावरचा) डीसी अडवायचा आणि गाण्याचा सिग्नल तेवढा पुढे सोडायचा, हे त्याचं काम. आतला कागद वर्षानुवर्षं ओल धरत आला, आणि आपल्याकडचा पाऊस काय असतो ते वेगळं सांगायला नको. डीसी गळायला लागला, ग्रिड पॉझिटिव्ह झाली, आणि ज्या व्हॉल्व्हची प्लेट १२ वॉटपर्यंत सोसते तो बेसुमार करंट ओढायला लागला. नवी जोडी घातली असती तर तीही यातच गेली असती. ज्यांच्या घरी असा जुना सेट आहे त्यांनी व्हॉल्व्ह विकत घेण्याआधी ही एक जागा तपासून घ्यावी, आणि ती जाणत्या माणसाकडूनच.

एकच कंडेन्सर गळत होता, तरी तुम्ही दोन्ही बदललेत, ६३० व्होल्टचे. फ्यूज तोच, १ अँपिअरचा. आता तो टिकून आहे. परवा केसरबाई केरकरांची रेकॉर्ड लावली. अल्लादियाखाँसाहेबांच्या या शिष्येची तान खाँसाहेबांच्याच कोल्हापुरात सगळ्यांनी सलग ऐकली, कुणी फ्यूजकडे पाहत बसलं नाही.

पैसे तुम्ही फक्त दोन कंडेन्सरांचे घेतलेत. शिकवण्याचे घेतले नाहीत, म्हणून एक विनंती आहे. आमच्यातल्या दोन मुलांना हे काम शिकायचं आहे, त्यांना शनिवारी दुपारी दुकानात बसू द्याल का? त्यांनी सिरीज दिव्याचा बोर्ड स्वतः तयार केलाय. तुम्ही तपासल्याशिवाय तो वापरायचा नाही, असं मी त्यांना बजावलं आहे.

तुमची कृतज्ञ,
पेठेतल्या मंडळींच्या वतीने